हात नॉरिसचे, डोळे सिरिलचे

दचकू नका हो! बंदूक बोलतेय हे खरं, पण मी लढाईतली नव्हे. मी हवेची बंदूक. माझ्यात दारू नाही, धूर नाही. नळी बिजागरीवर खाली दुमडली की पोटातली स्प्रिंग दाबली जाते. मग छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची आणि चाप ओढायचा. आवाज म्हणाल तर दार आपटल्याएवढा. तरीही माझ्यापुढे कुणी उभं राहू नये, एवढा मान मला द्यावाच लागतो.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, डोक्यावर दुर्बीण. यॉर्कशायरमधल्या एका छोट्या गावातल्या दुकानात मी भिंतीला टेकून उभी होते. एके दिवशी ओल्या टोप्या झटकत दोन म्हातारे आत आले. बारीक, बडबड्या तो सिरिल आणि दांडगा, मुखदुर्बळ तो नॉरिस.

"ही घे," सिरिल म्हणाला.

"मला कशाला बंदूक? मी जन्मात माशी मारली नाही."

"म्हणून तर तू बरा. वाईट सवयी लागलेल्या नाहीत तुला."

घ्यायला नॉरिस आला होता, पण गरज होती सिरिलला. गावामागच्या टेकडीवर रॉन्सलीबाईंच्या मेंढ्या चरतात. ससे तिथे बिळं करतात आणि मेंढ्यांचे पाय त्यात मोडतात. तीस वर्षं दर शनिवारी सिरिल तिथले ससे टिपायचा आणि त्यातली जोडी बाईंच्या स्वयंपाकघराच्या दाराला टांगून घरी जायचा. बायको गेल्यापासून त्याला शनिवारशिवाय दुसरा सणच नव्हता. आणि गेल्या वर्षापासून त्याचे हात थरथरायला लागले.

एक जखमी ससा सरपटत बाईंच्या गोठ्यात येऊन मेला. बाईंनी सिरिलला बोलावलं. "तुझं मन मोडताना मला बरं वाटत नाही रे. पण अर्धवट मेलेला ससा मला चालायचा नाही. तुझी परवानगी संपली. दुसरा कुणी चांगला नेमबाज आण, नाहीतर मी शहरातला बिळात धूर सोडणारा माणूस बोलावते."

दुसरा नेमबाज आणला, तर त्याच्याबरोबर सिरिलला टेकडीवर जाता येणार होतं. नाहीतर फाटक कायमचं बंद. म्हणून ही माझी खरेदी. आता एवढं ओझं एका नव्या बंदुकीच्या नळीवर टाकायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा!

नॉरिसच्या परसात सराव सुरू झाला. वाळूच्या खोक्यावर कागद चिकटवलेला. नॉरिसने चाळीस वर्षं दगडखाणीत यंत्राने भोकं पाडली होती. मलाही त्याने तसंच आवळून धरलं. माझा जीव गुदमरला! स्प्रिंग सुटली की मला जरा हलायला जागा लागते, ती मिळेना. छर्रे चहूकडे.

"बंदूकच वाकडी आहे," नॉरिस कुरकुरला.

"नाचता येईना अंगण वाकडं! अरे, चिमणीचं पिल्लू धरल्यासारखी धर तिला."

नॉरिसची बायको हिल्डा खिडकीतून ओरडली, "माझ्या चादरीला भोक पडलं तर दोघंही उपाशी राहाल, सांगून ठेवते!"

महिन्याभरात नॉरिसचा हात मऊ झाला. मला तो आवडायला लागला. दर वेळी चाप ओढण्याआधी हळूच "बरं का गं" म्हणायचा. पाचही छर्रे दोन पेन्सच्या नाण्याखाली झाकले जायला लागले, तेव्हा दोघं पोरांसारखे नाचले. त्या आनंदात एक गोष्ट दोघंही विसरले. परसाला तिन्ही बाजूंनी उंच दगडी भिंती होत्या. वारा म्हणजे काय, हे मला आणि नॉरिसला ठाऊकच नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी टेकडीवर वारा नुसता पिसाटला होता. रॉन्सलीबाईंनी पस्तीस पावलं मोजून कागद लावला. नाण्याएवढा ठिपका, पाच छर्रे, चार तरी लागायला हवेत.

"बरं का गं," नॉरिस म्हणाला. मी सगळा जीव एकवटला. छर्रा वीतभर उजवीकडे गेला.

नॉरिसचा चेहरा पडला. सिरिल मात्र गवताकडे बघत होता. "चूक माझी. तीन बोटं डावीकडे धर. आणि मी सांगेपर्यंत चापाला हात लावू नकोस."

आम्ही थांबलो. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. गवत जरा उभं राहिलं आणि सिरिल पुटपुटला, "आता."

लागला! पुन्हा थांबलो. "आता." पुन्हा लागला. असे एकामागून एक चारही ठिपक्यात बसले. माझा जीव भांड्यात पडला.

बाई कागद घेऊन आल्या. "छान. पण नेमका नेमबाज कोण? उंटावरून शेळ्या हाकणारा हा, की तू?"

नॉरिसला खोटं बोलता आलं असतं. त्याने टोपी काढली. "हात माझे, डोळे याचे. खरं सांगतो बाई, मला एकट्याला नाही जमायचं."

सिरिल कळवळला. "अरे गाढवा, कशाला बोललास!"

बाई घरात गेल्या आणि परवानगीची चिठ्ठी लिहून आणली. तिच्यावर दोघांची नावं होती. "यातला एक जण एकटा आला तर फाटक उघडणार नाही," त्या म्हणाल्या. सिरिलने चिठ्ठी खिशात घातली, डोळे पुसले आणि वाऱ्याला शिव्या दिल्या. मला त्या बाईंचा इतका लळा लागला म्हणून सांगू!

याला आता चार वर्षं झाली. त्या शनिवारपासून बाईंच्या दाराला पुन्हा सशांची जोडी टांगली जाते. ससा कुणी मारला, असं कुणी विचारलं की दोघं एकदम म्हणतात, "आम्ही."

पण यंदा सिरिलला चढवत नाही. नॉरिस त्याला दंडाला धरून वर नेतो आणि भिंतीच्या आडोशाला घडीच्या खुर्चीवर बसवतो. सिरिलची जीभही जड झालीय. त्याचं "आता" ओठांवर यायला फार वेळ लागतो. तोवर ससा कान टवकारतो आणि बिळात जातो. नॉरिसला एव्हाना वारा पुरता कळतो. त्याच्या बोटावरून मला ते समजतं. पण सिरिलने सांगितल्याशिवाय ते चापावर टेकत नाही.

"वारा होता ना रे?" नॉरिस विचारतो.

"होता," सिरिल म्हणतो.

गेल्या शनिवारी दोघं रिकाम्या हाताने उतरले. बाई दारात उभ्या होत्या. दाराच्या रिकाम्या खिळ्याकडे त्यांनी पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.

माझी एकच विनंती आहे. उद्या कुणा तरुण, तल्लख माणसाच्या हाती मला द्यावं असं तुम्हाला वाटलं, तर जरूर द्या. ससे काय, तो भराभर टिपेल. पण घाई करू नका. मला थांबायला आवडतं. सिरिल अजून गवताकडे बघतोय.