गार पाण्याची अंगाई

त्या घरातल्या भांडी धुणाऱ्या मशिनचा सूर असा होता, की ऐकणाऱ्याच्या पापण्या आपोआप जड व्हाव्यात. खोटं वाटत असेल तर वाटो. समोरच्या कुंपणावरचं मांजर तो सूर ऐकत खाली पडायचं आणि पडल्यावरही झोपूनच राहायचं.

मशिन आलं तेव्हा आत्याने नाक मुरडलं होतं. "भांडी घासायला वीज लागते, मग जेवायला काय लागणार?" पण घरातलं तान्हं बाळ, ज्याला सगळे सरकार म्हणत, त्या सुराशिवाय झोपेना. आत्याची ठेवणीतली गाणी संपली, दंड भरून आले, सरकार आपले टक्क जागे. मशिन घुमू लागलं की मात्र त्यांची मान तिच्या खांद्यावर कलंडायची.

आता मशिननेच दगा दिला. सूर लागायचा, सरकारांचे डोळे मिटायचे, आणि टक्. ब्रेकर पडायचा. मग सरकार घर डोक्यावर घ्यायचे.

सोमवारी भाचेसून कामावर परत जायची होती. "आत्या, हा झोपला नाही तर तुमचे हाल होतील. मी येत नाही म्हणून कळवून टाकते," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आत्याला तेच टोचलं.

"काही कळवू नकोस. वायरमनला बोलाव."

वायरमनने मशिनचा प्लग काढून ब्रेकर चढवला. राहिला. त्याच सॉकेटवर इस्त्री लावली. तरी राहिला. "म्हणजे चोर मशिनच्या पोटात आहे. नेमका कधी पडतो ते बघू," म्हणत त्याने मशिन सुरू केलं आणि पुढ्यात फतकल मारली.

पाणी भरलं. सूर लागला. स्वयंपाकघर दोर सुटलेल्या होडीसारखं हळूच हललं. पडदे फुगले ते फुगलेलेच राहिले. भाचेसुनेने टेबलावर डोकं टेकलं, वायरमनची हनुवटी छातीला लागली. खाली गल्लीत पोस्टमन सायकलवरच झोपला आणि सायकल त्याला घेऊन सावकाश छपरांवरून निघाली.

टक्.

पोस्टमन गल्लीत, सरकार रडण्यात.

"काय दिसलं?" आत्याने विचारलं.

"आई दिसली माझी," वायरमन डोळे चोळत म्हणाला. "केस विंचरत होती."

"मी ब्रेकरचं विचारतेय."

"त्याचं काही नाही दिसलं."

दुसऱ्या खेपेला तो मुद्दाम उभा राहिला. उभ्या उभ्या घोरला.

"झोप कानातूनच शिरते ना?" आत्या म्हणाली. "मग दारच लावून घेते." तिने कानातलं श्रवणयंत्र काढून वाटीत ठेवलं.

तिसऱ्यांदा मशिन लागलं. सगळं घर माना टाकून पडलं आणि आत्या एकटी, पाण्याखाली बसल्यासारखी, मशिनवरचे बारके दिवे बघत राहिली. पाणी भरण्याचा निळा. धुण्याचा हिरवा. मग पाणी तापवण्याचा लाल लागला मात्र, आणि सगळे दिवे गेले.

"लाल दिवा," तिने वायरमनला गदागदा हलवून सांगितलं.

त्याने प्लग काढला, मशिन आडवं करून खालचा पत्रा उघडला, मीटर लावला. "बरोबर. हीटरमधून करंट गळतोय."

"मग बदला."

"बदलतो. पण यात हीटर आणि पंप एकाच डब्यात असतात, जुळी भावंडं. अख्खा डबा बदलावा लागेल. आणि नवा पंप एकदम मुका. कंपनीवाले त्याचीच तर फुशारकी मारतात."

भाचेसुनेने झोळीतल्या बाळाकडे बघितलं, मग फोन उचलला.

"ठेव तो खाली," आत्या म्हणाली. "काय हो, हीटर नुसता सोडवता येईल?"

"येईल. पण पाणी गारच राहील. भांडी ओशट निघतील."

"भांड्यांचं मी बघते."

वायरमनने हीटरच्या तारा सोडवल्या, टोकं बंद केली, पत्रा लावला. मशिन पहिल्यापासून शेवटपर्यंत घुमलं, आणि ब्रेकर जागचा हलला नाही.

सोमवारी भाचेसून कामावर गेली. तेव्हापासून दुपारी मशिन रिकामंच चालतं. झोळीत सरकार, झोळीकडे तोंड करून सिंकशी आत्या, तिचं श्रवणयंत्र वाटीत. ती घरभरची भांडी हाताने घासते आणि मशिनला बजावते, "तू गा."

वायरमनही अधूनमधून येतो. "अर्थिंग एकदा बघून घेतो," म्हणत मशिनपुढे फतकल मारतो. आईचे केस अजून विंचरून झालेले नसतात. तो जागा झाला की चहा लागेल, म्हणून आत्या एक कप वेगळा घासून ठेवते.