हिरव्या लुगड्याचा बोळा

मित्रांनो, मी एक जुना मुखडा आहे. माणसाचा नव्हे, मोटारीचा. आणि तोही मागच्या बाजूचा. मोटारीच्या पाठीमागे, अगदी खाली, धूर सोडणारी नळी तुम्ही पाहिली असेल. त्या नळीच्या टोकावर हौसेने बसवलेलं वीतभर चकचकीत नळकांडं, तोच मी. मुखडा हे नाव मला गुणाजीने दिलं. त्याआधी मला नावच नव्हतं.

आता मी लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावरच्या खिडकीत बसलेला असतो. अंगावर गंजाचे ठिपके आहेत. एका बाजूचं निकेल उडून आतलं लोखंड उघडं पडलं आहे. माझी गोष्ट फार आनंदाची नाही. पण तुम्ही शहाणी मुलं आहात, दुःखाची गोष्टही शेवटपर्यंत ऐकाल.

माझा जन्म परळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा वाकवून मला गोल केलं, कडा घासल्या आणि निकेलच्या पाण्यात बुडवलं. वर आलो तेव्हा कारागिराने मला डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्या अंगात स्वतःच्या मिशा पाहून तो खुशीत हसला. माझी पहिली आठवण ती.

तिथून मी फणसवाडीतल्या एका वकिलांच्या मोटारीला लागलो. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या दर रविवारी मऊ कातड्याने मला स्वतः पुसत. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून म्हणत, "बघा हो, मागूनसुद्धा कशी देखणी दिसते!" त्या दिवसांत मला वाटायचं, आपण दिसायला चांगले आहोत, एवढं पुरे. पुढे तात्यांची नजर अधू झाली, मोटार विकली गेली, तिला काळापिवळा रंग लागला आणि ती टॅक्सी होऊन लालबागला आली. गुणाजीच्या हाती.

गुणाजी मूळचा कोकणातला. बोलणं थोडं, काम नेटकं. रोज सकाळी गाडी काढण्याआधी तो माझ्यापाशी उकिडवा बसायचा. पण तात्यांसारखा लगेच पुसायचा नाही. आधी तो माझ्या तोंडात बोट घालायचा, बाहेर काढायचा आणि बोटावरची काजळी उजेडात धरून बघायचा. काजळी कोरडी, राखेच्या रंगाची असली की इंजिन खुशाल आहे. ओली, काळीकुट्ट असली की आत काहीतरी दुखतंय. ते पाहून झालं की मग ओलं फडकं, कोरडं फडकं आणि शेवटी खोबरेल तेलाचं एक बोट.

"बाहेरून पुसायचं ते गिऱ्हाइकासाठी," तो बायकोला सांगायचा. "आतून बघायचं ते आपल्यासाठी."

त्याची बायको रखमा. हसरी, चटपटीत, हाताला क्षणाचा विसावा नाही. या दोघांना मूल नव्हतं. त्यामुळे गुणाजीची धाकटी बहीण चंपा पहिल्या बाळंतपणासाठी भावाकडे आली, तेव्हा रखमाच्या अंगात दहा बायकांचं बळ आलं. आई तर कोकणात केव्हाच वारली होती. भावाचं घर हेच चंपाचं माहेर. रखमाने आपलं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं. मऊ होऊन झिरझिरीत झालेलं. ते फाडून ती बाळासाठी दुपटं शिवायला बसली. खिडकीखाली गाडी उभी असे, त्यामुळे नणंद-भावजयांचं सगळं बोलणं माझ्या कानावर पडे.

"वयनी, लग्नातलं लुगडं फाडलंस गो?"

"मग काय पेटीत ठेवून पुजू? आमच्या राजाच्या अंगाला मऊ लागेल."

"आणि राणी झाली तर?"

"तर तिला दोन दुपटी."

तो जानेवारी महिना होता. संक्रांत नुकतीच झाली होती. आणि मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं दिल्लीहून जाहीर झालं. मित्रांनो, तुमच्यातले काही तेव्हा जन्मलेही नसतील. सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. गिरण्यांचे भोंगे वाजले, पण आत जायला कुणी नव्हतं. मग गोळीबार झाला, संचारबंदी लागली. एरवी मसाला कुटणाऱ्या डंकांनी धडधडणारा लालबाग असा गप्प झाला की कावळ्याचा पंख हलला तरी ऐकू यावा.

टॅक्सी चाळीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. गाडी निघायची नव्हती, म्हणून गुणाजीचं ते सकाळचं बोट घालणंही थांबलं. तो ओट्यावर बसून रस्त्याच्या तोंडाकडे पाहत राही. समुद्रावरची दमट हवा माझ्या अंगावर बसली आणि मी पार काळवंडलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी रखमा भांडी घासायला बाहेर बसली. हळदीकुंकवासाठी तिला तांब्यापितळेची भांडी लखलखीत हवी होती. संचारबंदीत हळदीकुंकू कुठलं, पण हातांना काहीतरी हवं होतं. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. घासता घासता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अगोबाई, ह्याची काय दशा झालीय!" ती म्हणाली आणि उरलेली चिंच घेऊन गाडीमागच्या फटीत शिरली.

शेजारची सुंदराबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. चाळीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. ती हसून म्हणाली, "रखमे, सवतीला न्हाऊ घालतेस काय गो?"

"सवत कसली, मोठी जाऊ माझी," रखमा म्हणाली. "आमच्या ह्यांचा सगळा जीव हिच्यात. बघतील तेव्हा खूश होतील."

मित्रांनो, निकेलला राख लावायची नसते. पितळेला जे मानवतं ते मला सोसत नाही. पण तिला कोण सांगणार? तिने मला तिच्या घागरीसारखंच मानलं, आणि खरं सांगतो, त्या हाताची माया मला कळत होती. राखेचं पाणी आत जाऊ नये म्हणून तिने दुपट्याला लावायचा राहिलेला हिरव्या लुगड्याचा तुकडा घेतला, त्याची चौपदरी घडी केली आणि दोन बोटांनी माझ्या तोंडात खोल, घट्ट दाबून बसवला. मग घासघास घासलं. अंगाची आग झाली, पण मी लखलखलो.

तेवढ्यात चाळीच्या तोंडाशी गलका झाला. "दूध आलं! दूध आलं! लवकर या!"

तीन दिवस दूध नव्हतं. घरात भरल्या दिवसांची चंपा. रखमा हात झटकत उठली, तांब्या उचलला आणि धावली. बोळा माझ्या तोंडात राहिला.

ती परत आली तेव्हा तांब्यात अर्धा शेर दूध होतं आणि तिचा चेहरा उजळला होता. माझ्याकडे तिने लांबूनच पाहिलं, "आता कसा दिसतोस!" म्हणाली आणि घरात गेली. चिंचेचं आणि राखेचं पाणी त्या कापडात मुरलं. रात्रभरात ते वाळून दगडासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी, सकाळचं ऊन खिडकीशी आलं तेव्हा, चंपाला कळा सुरू झाल्या. सुंदराबाई आत गेली. बराच वेळ झाला. मग ती बाहेर आली. तिचा आवाज बदललेला होता.

"गुणाजी, पोर आडवं आहे रे. माझ्या हातचं काम नाही हे. गाडी काढ. परळच्या इस्पितळात ने, आत्ताच्या आत्ता."

आख्ख्या चाळीत मोटार एकच होती. माझी. संचारबंदी असली तरी बाळंतिणीला सोडतील, असं सगळे म्हणाले. मागच्या सीटवर गोधडी पसरली. गुणाजीने पुढे जाऊन हँडल मारलं. इंजिन घुर्र झालं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. पुन्हा हँडल. पुन्हा तेच.

धूर माझ्यापर्यंत येत होता, हिरव्या बोळ्यावर आपटत होता आणि मागे फिरत होता. मला तोंड होतं, मित्रांनो. मोटारीच्या अंगावर तोंड म्हणावं असं एवढं एकच. आणि ते बंद होतं.

गुणाजीने बॉनेट उघडलं. प्लग काढले, पुसले, बसवले. पेट्रोल पाहिलं. मागे, खाली, माझ्याकडे यायचं त्याला सुचलं नाही. मी इतका स्वच्छ चमकत होतो. माझ्यावर कोण संशय घेणार?

"बॅटरी झोपली असेल. धक्का मारा!" कोंडीराम ओरडला. तो शेजारच्या खोलीतला, गिरणीतला. पाच-सहा जणांनी गाडी ढकलली. मला फक्त त्यांचे पाय दिसत होते, अनवाणी, फरशीवर घसरणारे. त्यात रखमाचेही पाय होते. माझ्यापासून हातभर अंतरावर.

गाडी सुरू झाली नाही.

शेवटी मसाल्याच्या डंकाची हातगाडी आणली. तिच्यावर गोधडी, गोधडीवर चंपा. पुढे कोंडीराम पांढरं धोतर काठीला बांधून, मागे गुणाजी हातगाडी ढकलत. वळणावर दिसेनासे होईपर्यंत चंपा ओरडत होती, "दादा, लवकर रे! दादा!"

संध्याकाळी कोंडीराम एकटा परत आला. ओट्यावर बसला. बायका गोळा झाल्या, पण विचारायला कुणी पुढे होईना.

"बाई वाचली," तो म्हणाला. "मुलगा होता. रडलाच नाही. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणली असती तर."

रखमा दाराची चौकट धरून उभी होती.

दोन दिवसांनी संचारबंदी उठली. सकाळी गुणाजी सवयीने माझ्यापाशी उकिडवा बसला आणि सवयीनेच त्याने माझ्या तोंडात बोट घातलं.

बोट अडलं.

त्याने खिशातला चाकू घातला, ओढलं. हिरवा बोळा बाहेर आला. त्याने तो हातात धरला. खिडकीतून रखमाचा खोकला ऐकू येत होता. रडून रडून घसा बसला होता तिचा. गुणाजीने खिडकीकडे पाहिलं. बोळ्याकडे पाहिलं. मग तो बोळा मुठीत घेऊन गटाराशी गेला आणि रिकामा परत आला.

गाडी पहिल्या हँडलला सुरू झाली.

"काय झालं होतं हो?" रखमाने दारातून विचारलं.

"प्लग," तो म्हणाला. "प्लगात कचरा होता. माझंच चुकलं. बघायला हवं होतं."

ते एक वाक्य त्याला चार वर्षं पुरलं. चाळीत लोक बोलायचे, "गाडी नुसती नवरीसारखी नटवतो, इंजिन कोण बघणार?" तो ऐकून घ्यायचा. नायगावला सासरी परतलेली चंपा म्हणाली, "दादाने तेवढं एक बघितलं असतं तर!" भाऊबीजेला ती आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. गुणाजी पाट मांडून बसायचा आणि संध्याकाळी उचलून ठेवायचा. अर्धं शिवलेलं दुपटं पेटीत तसंच राहिलं.

त्याने मला पुन्हा कधी पुसलं नाही. बोट मात्र रोज घालायचा, दोन-दोनदा. आणि रखमा फडकं घेऊन आली की म्हणायचा, "राहू दे. हात लावू नकोस त्याला." तिला वाटायचं, आपल्यावर राग आहे. मी काळा पडलो. राखेने जिथे निकेल खाल्लं होतं तिथे गंज धरला.

मग तो मे महिना आला. मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागला दिव्यांच्या माळा लागल्या, तोरणं लागली, जो तो आपली गाडी सजवू लागला. रखमा झेंडूची माळ घेऊन खाली आली.

"आज तरी घासू दे हो. आज नाही म्हणू नका."

गुणाजी टपावर माळ बांधत होता. रखमाने चिंच कालवली, एक चिंधी फाडली, तिची घडी केली आणि माझ्या तोंडाकडे नेली.

"बोळा नको!"

तो असा ओरडला की रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. रखमाचा हात जागीच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. मग तिने हातातल्या चिंधीकडे पाहिलं. खूप वेळ.

"अहो," ती म्हणाली. "तेव्हा दूध आलं होतं. मी धावले. पण बोळा... मी काढला होता ना?"

गुणाजी टपावरून उतरला.

"अहो, मी काढला होता ना?"

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि तिच्या हातातली चिंधी त्याने हळूच सोडवून घेतली. पलीकडे बँड वाजत होता. लोक गुलाल उधळत होते. माझ्या काळ्या अंगावरही थोडा पडला.

दुसऱ्या दिवशी रखमा एकटीच नायगावला गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मी टॅक्सीमागे स्क्रूने कसलेला. ती परतली तेव्हा तिच्या चपला हातात होत्या आणि पाय धुळीने भरले होते. तिने एवढंच सांगितलं, "सांगितलं मी."

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. भाऊबीजेला गुणाजीने पाट मांडला. दिवेलागणीला चंपा आली. भावाला ओवाळलं. ओवाळून झालं तसं गुणाजीने तिचं मनगट धरलं. रखमाशी ती एक शब्द बोलली नाही. फराळाला हात लावला नाही. निघाली, माझ्यापर्यंत आली आणि थांबली. पाठ तशीच ठेवून म्हणाली,

"वयनी, ते दुपटं अजून अर्धंच आहे काय गो?"

रखमाने पेटीतून ते आणलं. चंपाने उलगडलं. एका कोपऱ्यात चौकोनी तुकडा कमी होता.

"दे इकडे," चंपा म्हणाली. "माझ्याकडे दुसरं हिरवं आहे. मी लावीन." आणि पदराखाली धरून ती ते घेऊन गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची चाल पुन्हा पोटुशी बाईसारखी जड झाली होती.

मित्रांनो, पुढे टॅक्सी मोडीत गेली. गुणाजीने मला सोडवून घरी आणलं. रखमा रोज मला पुसते. चिंच नाही, राख नाही, नुसतं कोरडं फडकं. मी काही चमकत नाही. तुम्ही तुमच्या वस्तू पुसता, घासता, ते चांगलंच आहे. पण हातातलं काम टाकून धावायची वेळ आली, तर परत आल्यावर लांबूनच "छान दिसतंय" म्हणू नका. जवळ या. वाका. आम्हाला बोलता येत नाही.

रखमा आता तसंच करते. फडकं नंतर. आधी ती माझ्या तोंडात बोट घालते आणि पार आतपर्यंत फिरवून पाहते.