स्टुलाचा आजार

थोरल्या बहिणीच्या पत्राला मास्तरांनी उत्तर पाठवलंच नव्हतं. पत्र तसं साधं होतं. 'आमच्या इमारतीतल्या सगळ्याजणींनी मनगटात चुंबकाचं कडं घातलंय. गुडघे दुखायचे थांबतात म्हणे. मीही घातलंय आणि डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम सोडलाय. तू जन्मभर विज्ञान शिकवलंस, सांग बघू, हे खरं की खोटं?' मास्तर लिहायला बसत आणि 'ती. अक्कास सा. न.' याच्या पुढे अडत. खोटं म्हणावं तर अक्का दुखावणार, खरं म्हणावं तर विज्ञान!

निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात. मास्तर मात्र परक्या देशातल्या एका गरीब शाळेत बिनपगारी शिकवायला आले होते. तिथली भाषा ते पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे भाजीवालीशीही निबंधातल्यासारखं बोलत. वर्गात तोंड उघडायचं आणि वर्गाबाहेर मिटायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्यातूनच सगळा घोटाळा झाला.

एका रविवारी घरमालकीणबाई त्यांना बाजारामागच्या हॉलमध्ये घेऊन गेल्या. पाय ठेवायला जागा नव्हती, आणि लोक आले होते ते मुळी पाय ठेवायलाच. मधोमध कोमट पाण्याचा टब, शेजारी मोटारीची बॅटरी, तिच्या तारा पाण्यातल्या दोन सळ्यांना जोडलेल्या. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे पायगुरू म्हणत, गरजत होते, "शरीर म्हणजे काय? तुंबलेली मोरी! आणि मोरीचा बोळा कुठं असतो? तळाशी! म्हणून तळपाय!"

टबात एका बसड्रायव्हरचे पाय होते. पायगुरूंनी चमचाभर 'शक्तिचूर्ण' टाकलं, खटका दाबला. पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस आला. गर्दी "आई गं!" करून मागे सरकली.

"बघा, बालपणापासूनचं विष! कसं वाटतंय?"

"हलकं वाटतंय," ड्रायव्हर म्हणाला.

दिवसभर बस हाकणाऱ्याला खुर्चीत निवांत बसवलं तर दुसरं काय वाटणार, असं मास्तरांच्या मनात आलं. पण मनातलं ओठांवर यायला त्यांना फार वेळ लागे. तेवढ्यात पायगुरूंनी त्यांना हेरलं.

"या मास्तर! पाहुण्यांचा मान पहिला!"

"नको... पाय धुतलेले नाहीत."

"मग तर बसाच!"

लोक हसले. मास्तर बसले. पाणी तपकिरी झालं. "हा गंज आहे," ते टॉवेल देणाऱ्याला इतक्या हळू म्हणाले, की त्याला वाटलं आभार मानताहेत. "असू दे, असू दे," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मास्तर वह्या तपासायच्या निमित्तानं घरी थांबले. घरमालकीणबाई मात्र एकही रविवार चुकवेनात. मग एके सकाळी स्वयंपाकघरात त्या स्वतःच्या चहात साखर ढवळताना दिसल्या.

"ताई, साखर? तुम्हाला मधुमेह आहे ना?"

"होता! आता इन्सुलिनच्या सुयासुद्धा बंद केल्यात."

"दवाखान्यात विचारलंत?"

"तिथली नर्स ओरडते. पायगुरू ओरडत नाहीत." बाई खुशीत होत्या. "पहिल्या खेपेला माझं पाणी काळंभोर निघालं. मग तपकिरी. गेल्या वेळी नुसतं पिवळसर! आता एकदा स्वच्छ निघालं की सुटले."

बाईंच्या पायाच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. कुठलीशी जखम भरत नव्हती. मास्तरांनी ते फडकं पाहिलं. सुया अशाच बंद राहिल्या तर आधी पाय जाईल, मग बाई.

"ताई, तो सगळा लोखंडाचा—"

"आता हो काय मास्तर! तुम्ही स्वतः बसलात की. मला आधी शंका होती, खोटं कशाला बोलू? पण विज्ञानाचे मास्तर बसले म्हटल्यावर माझी शंकाच फिटली. अख्ख्या गल्लीला मीच सांगितलं."

मास्तरांनी चहा न पिताच कप खाली ठेवला.

त्या रविवारी ते बाईंबरोबर हॉलमध्ये गेले ते शाळेतलं लाकडी स्टूल काखोटीला मारून. वाटेत त्यांनी भाषण पाठ केलं होतं. दारातली गर्दी पाहताच ते साफ विसरले.

"या मास्तर! काढा बूट!"

"आज मी नाही," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले. "याला दाखवायचंय." आणि त्यांनी स्टुलाचे दोन पाय टबात बुडवले.

हॉल खदखदून हसला.

"ही चेष्टा आहे! यंत्र कोपेल!" पायगुरू कडाडले.

"कोपू द्या की," मागून ड्रायव्हर ओरडला. "माझे पाय चालतात, स्टुलाचे का नाही?"

"चालू करा! चालू करा!" लोकांना मजा हवी होती. पायगुरूंना चूर्ण टाकून खटका दाबावा लागला. पाणी पिवळं झालं, तपकिरी झालं, फेससुद्धा आला.

"अरेरे, काय झालंय हो स्टुलाला?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"वाळवी!"

"लाकडातही विष असतं!" पायगुरूंनी डाव सावरला.

मास्तरांनी स्टूल उचललं. "मग आता पाणी नवं घ्या. त्यात चूर्ण टाका. कुणाचाच पाय नको."

कुणाचाही पाय नसलेल्या टबातलं पाणीही तपकिरी झालं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. मास्तरांनी खटका बंद केला आणि सळ्या वर काढून दाखवल्या. त्या खरबरीत झाल्या होत्या, बोट लावलं की लाल पूड येत होती. "लोखंड आहे. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की ते भराभर झिजतं. पाण्यात दिसतो तो त्याचाच गंज."

घरमालकीणबाई पुढे आल्या. "मग माझं पाणी दर खेपेला फिकट कसं होत गेलं?"

मास्तरांनी शक्तिचूर्णाची बरणी त्यांच्यापुढे धरली. बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. "मीठ!"

"पुन्हा नवं पाणी घेऊ. तुम्हीच टाका, ताई. आधी चिमूटभर, मग चमचाभर."

बाईंनी चिमूटभर टाकलं. कितीतरी वेळाने पाणी जेमतेम पिवळसर झालं. मग त्यांनी चमचा रिकामा केला, आणि पाणी बघता बघता गढूळलं. बाई एकदा पाण्याकडे, एकदा स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या.

"म्हणजे आजार उतरत नव्हता. याचा चमचा उतरत होता!"

पायगुरू बॅटरीच्या तारा गुंडाळायला लागले होते. पण बाई वळल्या त्या मास्तरांकडे.

"आणि तुम्हाला हे तेव्हाच ठाऊक होतं?"

"हो."

"मग बसलात कशाला?"

"नाही म्हणायला... लाज वाटली."

"तुमच्या लाजेपायी माझ्या सुया बंद झाल्या, मास्तर!"

सगळ्यांसमोर म्हणाल्या. मास्तरांनी मान खाली घातली, पण तिथून हलले नाहीत. मग बाईच म्हणाल्या, "चला आता दवाखान्यात. नर्स ओरडेल, तेव्हा तुम्ही पुढे उभे राहा."

नर्स ओरडली. दोघांनाही. मग तिनं रक्त तपासलं, जखम धुतली आणि सुई पुन्हा सुरू केली. "वेळेवर आलात," एवढंच म्हणाली.

घरी परतल्यावर मास्तर टेबलाशी बसले आणि पहिल्यांदाच सलग लिहीत गेले.

'ती. अक्कास सा. न. कडं खोटं आहे. रागाव, पण व्यायाम आजच सुरू कर. कड्याचा उपयोग काय म्हणशील, तर शिवताना पडलेल्या सुया सापडतील. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एकच विचारावं: हे माझ्याशिवायही असंच झालं असतं का? विचारायला शिक्षण लागत नाही. थोडी भीड सोडावी लागते, आणि जाणत्यानं तर ती आधी सोडावी. तो गप्प बसला की लोकांना वाटतं, त्यालाही पटलंय.'

मास्तर कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले आणि पाकीट आत सोडलं. मग 'रागाव' जरा जास्तच झालं का, असं वाटून त्यांनी फटीत बोटं घालून पाहिली. पाकीट परत निघत नव्हतं. बरं झालं, असं म्हणून ते घरी आले.