उंबऱ्यासकट खुराडं

गेल्या मे महिन्यात घरचे सगळे लग्नाला गेले, तेव्हा श्रीमंतआबांनी पंचवीस गावरान कोंबड्या पत्र्याच्या खुराड्यात कोंडून ठेवल्या. परत येईतो अकरा मेल्या होत्या. गावाने निदान केलं, नजर लागली. आबांच्या मुलीने, उज्वलाने केलं, पत्र्याच्या डब्यात वारा नव्हता. पण ती नुसती बी.एस्सी.ला; तिचं कोण मनावर घेणार?

यंदा उन्हाळा तोंडावर आला, तसे उरलेल्या चौदांसाठी खुराडं घ्यायला दोघं अहमदपूरला वीरेशच्या वेल्डिंगच्या दुकानात आले. वीरेश अंड्यालाही शिवत नसे, पण कोंबडीला काय मानवतं यावर त्याची मतं पक्की होती.

"हे बघा आबा, बंगला हाय बंगला!" त्याने चारी बाजूंनी बंद, निळ्या पत्र्याचं खुराडं थोपटलं. दारावर मोर रंगवलेला. "तीस कोंबड्या आरामात बसत्यात."

उज्वलाने टेप लावला. चार बाय तीन. "बारा चौरस फूट. एकीला निदान दोन फूट लागतात. आमच्या चौदासुद्धा मावणार नाहीत."

"ताई, त्या काय मांडी घालून जेवायला बसणार हायत व्हय?"

आबा मनापासून हसले. मग त्यांनी दाराला दोन लाथा घातल्या. दार हललं नाही. त्यांची तपासणी संपली. "मांजर न्हाई, चोर न्हाई. लई मजबूत."

पलीकडे सहा बाय पाचचं जाळीचं खुराडं उभं होतं, छपराखाली वीतभर फट. पण त्याचं दार लेचंपेचं, म्हणून आबा तिकडे बघायलाही तयार नव्हते.

वारा डोळ्यांना दिसत नाही, हीच खरी अडचण. उज्वलाने शेजारच्या दुकानातून उदबत्ती आणली, पेटवून निळ्या खुराड्यात खोचली आणि दार लोटून फटीतून धूर न्याहाळत बसली. मागे आबांनी चपला काढल्या. वीरेश लगबगीने आत जाऊन हळदकुंकू अन् नारळ घेऊन आला.

"शिकली, पण रीत विसरली न्हाई पोरगी," म्हणत त्याने खुराड्याच्या उंबऱ्यावर नारळ फोडलासुद्धा.

"आबा, मी धूर बघतेय!"

"बघ की. आम्ही कुठं न्हाई म्हनतो?"

आबांनी भक्तिभावाने दार उघडलं, कुंकू लावायला डोकं आत घातलं आणि खोकत, डोळे पुसत बाहेर आले. उज्वलाने तीच उदबत्ती जाळीच्या खुराड्यात नेली. धूर क्षणात वरच्या फटीतून पसार झाला.

आबांनी फटीपाशी हात धरून पाहिला. "खरं हाय तुझं. पण नारळ फुटला की गं. आता माघारी फिरता येत न्हाई."

"नारळ कुठं फुटला?"

"उंबऱ्यावर."

"मग उंबरा आणि दार घेऊ. भिंतींवर कुणी फोडलाय?"

वीरेशने एकदा मोराकडे पाहिलं, एकदा आबांकडे.  मग त्याने दार कापायला ग्राइंडर उचलला.

अशा रीतीने जाळीच्या खुराड्याला उंबऱ्यासकट निळं दार बसलं.

मे महिन्यात पुन्हा लग्न निघालं. उज्वलाची परीक्षा होती, आबांचा मानपान होता. कोंबड्या पुन्हा दिवसभर कोंडल्या गेल्या. परतल्यावर आबा कपडेही न बदलता खुराड्याकडे धावले. मोजल्या. चौदा.

"बघ, नारळाचा गुण!" ते म्हणाले.

उज्वलाने वहीत 'बेचाळीस अंश, चौदा जिवंत' एवढंच लिहिलं आणि पाण्याचं भांडं भरायला गेली.