वरून हिरवं

चार वाजता बाहेर यायचं, एक मिनिटही इकडे-तिकडे चालणार नाही, असं वनरक्षकानं तिसऱ्यांदा बजावलं आणि नूतन रामटेकेनं तिसऱ्यांदा मान हलवली. तिचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतंच. ते होतं तलावाच्या पाळीपलीकडच्या, जंगलाला चिकटलेल्या, अंजनाबाई नावाच्या शेतकरणीच्या बांधीकडे, म्हणजे धानाच्या शेताकडे. परवा त्याच बांधावर वाघिणीची पावलं उमटली होती. सोबत पिल्लं असावीत असा संशय होता. तीन दिवस झाले, गावातलं कुणी त्या अंगाला धान कापायला फिरकलं नव्हतं.

नूतनला मात्र तीच बांधी हवी होती. नागपूरच्या एका संस्थेकडे ती कंत्राटावर कामाला होती आणि त्या संस्थेचं सगळं काम आभाळातून चालायचं. उपग्रहाच्या चित्रांवरून कुठल्या तालुक्यात किती धान होईल याचा अंदाज बांधायचा आणि तो वर पाठवायचा. असे सगळ्या जिल्ह्यांचे आकडे मिळून देशात यंदा तांदूळ किती पिकणार, हे कापणी संपण्याआधीच दिल्लीला कळायचं. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक नूतननं पुष्कळ पाहिले होते, हे तर त्यांच्याही वर बसले होते. पण आभाळातल्यांनाही थोडी जमीन लागतेच. म्हणून संगणक चिठ्ठी टाकल्यासारखी जिल्ह्यात चाळीस ठिकाणं निवडायचा. तिथं जाऊन दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा खरोखर कापायचा, झोडायचा, तोलायचा आणि वजन कळवायचं, हे काम नूतनसारख्यांचं. ठिकाण बदलायचं नाही हा पहिला नियम. यंदा सात नंबरचं ठिकाण अंजनाबाईच्या बांधीत पडलं होतं.

गेल्या वर्षीही याच गावात, जंगलाच्या याच कडेला ठिकाण पडलं होतं आणि तेव्हाही वाघ होता. नूतननं पाळीवर उभं राहूनच मोबाइलवर ‘पोहोचता आलं नाही’ हे बटण दाबलं आणि घरी जाऊन जेवली. ते बटण दाबलं की त्या ठिकाणी उपग्रहाचा आकडा धरला जातो. उपग्रह म्हणाला, धान उत्तम. इथं तर तुडतुड्यांनी गावाचं सगळं धान शोषून टाकलं होतं. नुकसानीच्या यादीत गावाचं नाव काही आलं नाही, आणि संक्रांतीच्या आधीच अर्धं गाव घरांना कुलपं लावून तेलंगणात मिरची तोडायला गेलं. अंजनाबाई गेली, तिचा नवरा मुखरू गेला, आणि त्यांची रिंकूही गेली. ती ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तिची परीक्षा तशीच राहिली. नूतनला हे उन्हाळ्यात कळलं. तेव्हापासून ते बटण तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिला लाज वाटत होती, साधी सरळ लाज.

यंदा पुन्हा तोच प्रकार. लोंबी भरायच्या दिवसांत तुडतुडे आले, आणि उपग्रह पुन्हा म्हणत होता, धान उत्तम, त्या तुकड्यात अठरा किलो निघेल. असं का होतं, हे नूतनलाही उमगत नव्हतं. नागपुरात बसणारे तिचे साहेब, प्रफुल सर, यवतमाळकडचे, कापसाच्या मुलखातले. माणूस वाईट नव्हता, पण धान त्यांनी पाहिलं होतं ते ताटातच. जिल्ह्याचा आकडा आज पाच वाजता वर जाणार, त्याआधी सात नंबरचं वजन आलं तर आलं, नाहीतर उपग्रहाचंच धरू, असं त्यांनी सकाळी सांगून टाकलं होतं. सात नंबरचं खरं वजन पाचच्या आत पोहोचलं नाही, तर यंदाही रिंकू मिरचीच्या शेतात. इतकं ते सरळ होतं.

एकटीला जाऊ द्यायला अंजनाबाई तयार झाली नाही. माझ्या बांधीत परकी पोर जाणार आणि मी पाळीवर बसून तमाशा पाहणार काय, असं तिनं वनरक्षकालाच सुनावलं. मुखरू आणि आणखी पाच-सहा जण रिकामे डबे घेऊन पाळीवर थांबले. आधीच गोंगाट करू नका, पिल्लांची आई बिथरली तर भलतंच होईल, असं वनरक्षकाचं म्हणणं पडलं.

दोघी जीव मुठीत धरून बांधावरून चालत गेल्या. मोबाइलनं दाखवलेल्या जागी नूतननं चार खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. मग एकीनं कापायचं आणि दुसरीनं जंगलाकडे तोंड करून उभं राहायचं, अशा पाळ्या लावल्या. वाकलेल्या बाईला वाघ जनावर समजतो, हे त्या मुलखात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे विळा हातात घेतला की नूतनची पाठ आपोआप आखडायची. जंगलातून आवाज नव्हता. पाखरंही बोलत नव्हती, आणि अंजनाबाईला तेच आवडत नव्हतं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, पण दर थोड्या वेळानं ती पदरानं तोंड पुसत होती.

कापताना लाखोळी पायांत येत होती. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या मुलखात, धान उभं असतानाच त्यात लाखोळीचं बी फेकतात. चिखलाच्या ओलीवर ती उगवते, धान कापलं की मोकळी होते आणि फाल्गुनापर्यंत डाळ घरात येते. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं, म्हणूनच कुणी कुणाला सांगायला जात नाही. यंदा धान हातचं गेलं हे दिसल्यावर अंजनाबाईनं दसऱ्यालाच बी फेकून टाकलं होतं, तेही दाट.

ताडपत्रीवर धान झोडलं. अंजनाबाईनं सूप धरलं आणि निम्म्याहून जास्त वाऱ्यावर उडून गेलं. सगळा पोचट माल. उरलेलं काट्याला लावलं. चार किलो भरलं, वर शंभर ग्रॅम.

नूतननं आकडा मोबाइलमध्ये टाकला. मोबाइलनं तो घेतला नाही. ‘वजन अपेक्षित मर्यादेबाहेर. फेरतपासणी करा किंवा ठिकाण वगळा.’ तिनं पुन्हा टाकला, पुन्हा तेच. तिनं कपाळाला हात लावला. ज्याच्यासाठी जीव धोक्यात घातला ते वजन खरं मानायला यंत्रच तयार नव्हतं, कारण उपग्रहाचा शब्द त्याच्या लेखी आधीच पक्का झाला होता. प्रफुल सरांना फोन लावावा तर खाली रेंज नाही. तेवढ्यात पाळीवरून वनरक्षकाची शिटी वाजली. चार वाजले होते.

बांधीच्या कोपऱ्यात रानडुकरांपासून धान राखायला बांधलेलं मचाण होतं. वर रेंज येते, मुखरू तिथूनच पोरीला फोन करतो, असं अंजनाबाई म्हणाली. नूतन शिडी चढली. अंजनाबाई खाली वाकून ताडपत्रीवरचं धान फडक्यात भरू लागली. चार किलो का होईना, ते तिचं होतं.

वर पोहोचून नूतननं खाली पाहिलं. कापलेला तुकडा सापडत नव्हता. अर्धा तास घाम गाळून कापलेली पन्नास चौरस मीटर जागा, आणि वरून पाहावं तर सगळी बांधी सारखीच हिरवी. धान उभं होतं तिथं विरळ काड्यांमधून लाखोळी दिसत होती, धान नव्हतं तिथंही लाखोळीच. खुंट्या नसत्या तर तुकडा ओळखताच आला नसता. तिचा जन्म या मुलखातला, लहानपणापासून लाखोळी तुडवत आलेली, पण बांधी वरून कधी पाहिली नव्हती. आता पाहिली, आणि दोन वर्षं न सुटलेलं कोडं तिथल्या तिथं सुटलं. तिला हसूही येईना आणि रडूही.

तिनं फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘सात नंबर. कापणीनंतर.’

पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. कुणीतरी लिहिलं होतं, ‘बापरे, वाघ!’ मग दुसरं, तिसरं. ‘काय फोटो आहे!’ ‘भाग्यवान आहात मॅडम.’

नूतनला आधी समजेना, हे कशाबद्दल बोलतायत. मग तिनं आपलाच फोटो बोटांनी मोठा केला. उजव्या कोपऱ्यात, शेजारच्या बांधीच्या बांधाआड, गवतात दोन कान होते आणि कानांखाली तोंड. नागपुरात खुर्चीवर बसलेल्यांना ते दिसलं होतं आणि मचाणावर उभ्या असलेल्या तिला नाही. तिनं मान वळवली. वाघीण होती तिथंच, अंजनाबाईच्या पाठीकडे पाहत. मधे पंचवीस-तीस पावलांचं अंतर असेल. अंजनाबाई अजून वाकलेली होती.

नूतनची पाचावर धारण बसली. ओरडावं तर अंजनाबाई पळणार, आणि पळणाऱ्याच्या मागं वाघ धावणार. गप्प राहावं तर वाकलेली बाई. ती बाजारात हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, “अंजनाबाई, सरळ उभ्या राहा. मांगं पाहू नका. माह्याकडे पाहत या.”

अंजनाबाईनं काही विचारलं नाही. ती सरळ झाली. पण हातातलं फडकं तिनं सोडलं नाही. गाठ मारली, काखोटीला लावलं आणि चालू लागली. शिडीपर्यंत वीस पावलं होती, आणि ती वीस पावलं नूतननं वरून एकेक करून मोजली. वाघीण उठून उभी राहिली. अंजनाबाईचा पाय पहिल्या पायरीवर पडला. वाघीण चार पावलं पुढं आली आणि थांबली. नूतननं हात खाली टाकून अंजनाबाईचं मनगट धरलं आणि तिला वर ओढून घेतलं. दोघी मचाणावर बसल्या. खाली वाघीण पुन्हा बसली, आता त्यांच्याकडे तोंड करून.

“पिल्लं हायेत तिची, मांगच्या गवतात,” अंजनाबाई हळूच म्हणाली. “आपण त्यायच्या वाटेवर बसून राह्यलो.”

फोन वाजला. प्रफुल सर होते, घाबरलेले. तू ठीक आहेस ना, खाली उतरू नकोस, मी वनखात्याला कळवतो, असं ते एका दमात बोलले. आणि मग म्हणाले, ते ठिकाण सोडून दे, ‘पोहोचता आलं नाही’ टाक, तुला कुणी काही बोलणार नाही. साडेचार होऊन गेले होते.

“वाघ सोडा, सर,” नूतन म्हणाली. “फोटोत मी कापलेला तुकडा दाखवा मला. पन्नास चौरस मीटरचा आहे. कुठं आहे?”



“दिसत नाही,” प्रफुल सर म्हणाले. “सगळं हिरवंच आहे.”

“तुमच्या उपग्रहालेही तेच दिसून राह्यलं, सर. ते धान नाई. लाखोळी आहे.”

लाखोळी म्हणजे काय, इथपासून तिला सुरुवात करावी लागली. उभ्या धानात बी कसं टाकतात, ते तिनं सांगितलं. धान चांगलं असलं की त्याच्या सावलीत लाखोळी दबून राहते, वरून दिसत नाही. धान जितकं वाईट, तितकं लोक बी लवकर टाकतात, दाट टाकतात, आणि वरून बांधी तितकी हिरवी दिसते. हे एकट्या अंजनाबाईचं नव्हतं, सगळ्या झाडीपट्टीचं होतं. तुकड्यात चारच किलो भरलं आणि मोबाइल ते घेत नाही, हेही तिनं सांगितलं. बोलताना तिची नजर वाघिणीवरून हलली नाही. अंजनाबाईनं तिचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.

“म्हणजे आपल्याला जिथं सगळ्यात हिरवं दिसतंय...” प्रफुल सरांनी वाक्य सोडून दिलं.

“तिथंच सगळ्यात जास्त धान गेलं आहे.”

पलीकडे संगणकाच्या कळा दाबल्याचे आवाज आले. त्यांनी नकाशा उघडला असावा, कारण ते एकेका तालुक्याचं नाव स्वतःशीच घेऊ लागले, आणि प्रत्येक नावाबरोबर त्यांचा आवाज खाली जात होता. एवढा शिकलेला माणूस आपली चूक फोनवर मोजतोय, हे ऐकायला नूतनला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पाचला आठ मिनिटं कमी असताना ते म्हणाले की तिचं चार किलो त्यांनी स्वतः हातानं नोंदवून घेतलं आहे, आणि जिल्ह्याचा आकडा ते थांबवतायत, पूर्ण आकडा. वरून विचारणा होईल, ती ते बघून घेतील. फक्त उद्या तिला आणखी दहा गावांतून असेच फोटो आणावे लागतील.

“आणीन,” नूतन म्हणाली.

वनखात्याचा निरोप वनरक्षकाला पोहोचला असावा, पाळीवर डबे वाजायला लागले. मुखरूचा आवाज सगळ्यांच्या वर होता. वाघिणीनं एकदा पाळीकडे पाहिलं, एकदा मचाणाकडे, आणि घाई न करता गवतात शिरली. थोड्या वेळानं तिच्या मागून दोन लहान रेषा गवत हलवत जंगलाकडे गेल्या.

काय म्हणाले साहेब, असं अंजनाबाईनं विचारलं. नूतननं तिला सांगितलं की त्यांनी मानलं. गावाचं धान झालं नाही, असं आता वर लिहिलं जाईल. नुकसानीची यादी कधी निघेल, त्यात काय मिळेल, हे तिला माहीत नव्हतं आणि तिनं तसं स्पष्ट सांगितलं.

“पन धान नाई झालं, हे तं मानलं ना?”

“मानलं.”

वाघीण पाठीशी असताना जी बाई एकदाही मागे वळली नव्हती, ती चार किलो धानाचं गाठोडं पोटाशी धरून रडायला लागली. सालभर, कुणी विचारो न विचारो, ती एवढंच सांगत आली होती. मुखरू डबा वाजवत मचाणाखाली आला आणि विचारू लागला, काऊन रडते, काही लागलं काय. अंजनाबाईचं रडणं थांबेना, म्हणून नूतननंच त्याला सांगितलं.