पुढची सोय

आमच्या नारायण पेठेतल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात त्या वर्षी सगळी कामं काचेची होती. जी सॉफ्टवेअर कंपनी पुण्यात येई तिला काचेचीच इमारत हवी असे, आणि अनिरुद्ध सर "उन्हाळ्यात भाजून निघाल" एवढं एकदाच सांगून ती काढून देत. त्यामुळे मांजरीच्या गावकऱ्यांनी लढायांत पडलेल्या आपल्या पाच जवानांचं स्मारक मागितलं तेव्हा मला कोण आनंद झाला. एकदाचा दगड हाताशी आला!

"आम्रपाली, आधी हिंडून ये," सर म्हणाले. "कोण कसं बांधतं, नावं कशी कोरतं, ते बघ. मग पेन्सिल उचल."

मी स्कूटरवरून पुणं पालथं घातलं. खडकीच्या युद्ध-दफनभूमीत शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांचे दगड एका उंचीचे बघून बरं वाटलं. उलट एका चौकातल्या स्मारकावर उद्घाटकाचं नाव जवानांच्या नावांपेक्षा मोठं होतं. माझं डोकंच फिरलं. तो फोटो मी सरांच्या टेबलावर आपटला.

"असू दे," सर म्हणाले. "निदान एक जण जिवंत आहे हे तरी कळतं."

मांजरीतल्या देवळामागच्या जुन्या वीरगळांचेही फोटो मी काढले. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसासाठी उभा केलेला दगड. खाली लढाई कोरलेली, वर स्वर्ग. ते फोटो मी फायलीत 'इतिहास' म्हणून लावून टाकले आणि विसरले.

सगळीकडून मी एक गोष्ट मात्र नीट टिपून आणली होती. जिथली लढाई संपली आहे तिथला दगड नावांनी भरलेला असतो. बाकीच्या ठिकाणी खाली जागा सोडलेली असते. सरांना ते फार पटलं. ग्रॅनाइटची एकच काळी भिंत, वर पाच नावं, खालचा अर्धा भाग कोरा, असा आराखडा मी काढला. दगड एकदा बसला की पुन्हा नवा आणायला नको.

पुढे प्लायवूडच्या फळीवर खऱ्या मापाचा, नावं लिहिलेला कागद चिकटवून आम्ही ती गावच्या शाळेच्या मैदानात उभी केली. लोक येऊन बघत होते, मान डोलावत होते. मग चंद्रभागाबाई आल्या. यादीतलं शेवटचं नाव त्यांच्या मुलाचं, मिलिंदचं. तो कारगिलला पडला. मी "जय भीम, मावशी" म्हटलं, त्यांनी मान हलवली. त्या नाव वाचत उभ्या राहिल्या आणि मग त्यांची नजर नावाच्या खाली उतरली.

"ह्ये खालचं कोरं का ठिवलंय?"

"ती पुढची सोय आहे, बाई," सर म्हणाले. "उद्या कोणी..." आणि तिथेच थांबले. सरांना वाक्य अर्धवट सोडताना मी प्रथमच पाहत होते.

"माझा धाकला हाय तिकडं. राकेश." बाईंचा आवाज जराही चढला नाही. "मिलिंदच्या खाली त्याचीच जागा धरलीया म्हना की."

त्या उन्हाळ्यात दोन्हीकडची सैन्यं सीमेवर समोरासमोर उभी होती. टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. मी "तसं नाही हो, मावशी" म्हटलं.

"घरात कुनी आजारी हाय म्हनून कुनी तिरडीचं बांबू आनून ठिवतं का, पोरी?" त्यांनी मलाच विचारलं. "अशी जागा ठिवनार असाल तर माझ्या मिलिंदचं नाव घालू नका."

आणि त्या निघून गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फळीवरचा तो कोरा भाग माझ्या हाताने, पट्टी लावून आखलेला होता.

परतताना सर म्हणाले, "भावना समजते. पण नंतर तसा ग्रॅनाइट मिळत नाही. रंग जुळत नाही."

"त्यांच्या मुलापेक्षा रंग महत्त्वाचा आहे का, सर?"

"मी तसं म्हटलं का?" सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंची समजूत काढायलाच मांजरीला गेले. त्या शेतावर गेल्या होत्या. ऊन मी म्हणत होतं, म्हणून वाट बघत देवळामागच्या सावलीत बसले. समोर तेच वीरगळ. एक उंच, एक बुटका, एक कललेला. एकाचा दगड काळा तर दुसऱ्याचा तांबूस. प्रत्येकजण पडला तेव्हा ज्याचा त्याचा दगड आला होता. आगाऊ आणून ठेवलेला एकही नव्हता. शेवटच्या दगडापलीकडे नुसतं गवत होतं आणि तिथे कुणाची तरी शेळी बांधली होती. हेच मी इतिहासात जमा करून मोकळी झाले होते! मी बाईंना न भेटताच स्कूटर वळवली.

"एक माणूस, एक दगड," मी सरांना म्हटलं. "पुढचा दगड डोंगरातच राहू दे. आपण त्याची सोय करायची नाही."

"उंची?"

"सगळ्यांची सारखी. खडकीसारखी."

"स्मारक आहे की म्हसोबाचा पार?" सर पुटपुटले. पण त्यांनी खोडरबर उचललं होतं. भिंत पुसून झाल्यावर म्हणाले, "वाघोलीला मकसूदभाईंना फोन लाव. गावच्या स्मारक समितीशी मी बोलतो."

मकसूदभाई पाथरवट. वाघोलीच्या खाणीत आता सगळ्या डोंगराची खडी होते, अख्खा दगड कुणी मागत नाही, म्हणून ते आमच्यावर खूश झाले. पाच दगड घडवून त्यांनी स्वतः आणून उभे केले.

मिलिंदचा दगड बसला त्या दिवशी चंद्रभागाबाई आल्या. हातात डालड्याच्या डब्यात लावलेलं एक रोप होतं. त्यांनी दगडाला हात लावला, नाव वाचलं. मग दगडापलीकडच्या मोकळ्या जमिनीकडे बराच वेळ बघत राहिल्या. तिथे मी हिरवळ करणार होते.

"हितं खड्डा घ्या," त्या मकसूदभाईंना म्हणाल्या. "विहारातला पिंपळ हाय."

"बाई, पिंपळ?" सर पुढे आले. "मुळं पसरतील त्याची. हे दगड उचलून टाकतील."

"उचलू द्या. पर पिंपळ कुनी तोडत न्हाई, सायेब." बाईंनी डबा खाली ठेवला. "म्हंजे हितं पुन्यांदा कुनाला दगड लावता यायचा न्हाई."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझे डोळे भरून आले होते आणि ते मी लपवलेही नाहीत.

"खड्डा जरा खोल घ्या, मकसूदभाई," सर म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. "नकाशात दाखव. समितीने विचारलं तर आधीपासून होता म्हणू."

मी स्कूटरच्या सीटवर आराखडा पसरला आणि पाचव्या दगडाशेजारी पिंपळ काढला.