वेळेआधीची पालखी

राहीने लॅपटॉप दोन्ही हातांत धरला आणि आरतीचं ताट ओवाळावं तसा खोलीभर फिरवला. चार भिंती, छत, बंद खिडकी. परीक्षेवर पहारा ठेवणारा माणूस कुठल्या शहरात बसला होता देव जाणे. तो दिसत नव्हता, त्याला मात्र सगळं दिसत होतं, आणि हवं ते तो पडद्यावर लिहून मागत होता. पलंगाखालचं दाखवा म्हणाला. पलंगाखाली पोतं होतं. पोत्यात काय आहे? नारळ, असं राहीने कळवलं. उघडून दाखवा. तिने पोत्याचं तोंड सोडलं, एक नारळ कॅमेऱ्यापुढे धरला आणि सवयीने कानाशी हलवूनही पाहिला. त्या बिचाऱ्याचं समाधान झालं असावं, कारण पहिला प्रश्न समोर आला.

बाहेर ओटीवर तिची आई गुणवंती दाराला पाठ लावून बसली होती. राहीचा फोन तिच्या मांडीवर होता, कारण परीक्षेच्या खोलीत फोन ठेवायला परवानगी नव्हती. कोंबड्या सकाळीच शेजारच्या काशीकाकीकडे पाहुणचाराला गेल्या होत्या, आणि कोंबडा टोपलीखाली झाकलेला होता, कारण तो कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता. खोलीत दुसरं माणूस नको, बाहेरचा आवाज नको, नाहीतर परीक्षा तिथल्या तिथे रद्द. जयगडच्या वरच्या अंगाच्या या वाडीत भरदिवसा दार लावलं तर घरात कोण आजारी आहे म्हणून चार जण विचारायला येतात. अशा ठिकाणी हा नियम पाळायचा म्हणजे मोठीच तपश्चर्या.

एका मोठ्या सॉफ्टवेअर प्लॅटफॉर्मचं सर्टिफिकेशन राहीला हवं होतं. ते हातात आलं तर घरी बसून नोकरी करता येते, मुंबई गाठावी लागत नाही. जानेवारीत ती थोडक्यात नापास झाली. तिची चुलतबहीण शमिका मात्र रत्नागिरीला क्लास लावून पहिल्याच फटक्यात पास झाली आणि पेढे देऊन गेली. पेढे खाता खाताच राहीच्या वडिलांचं, बाबल्याचं, मत पक्कं झालं. क्लासला सर असतात, ते चुकलं की तिथेच सांगतात, शिवाय परीक्षेला काचेची खोली असते, जिच्यात माशीचाही आवाज जात नाही. ती खोली फक्त क्लासच्या मुलांना मिळते. घरात बसून फुकटचे धडे वाचून कोण पास झालंय?

राहीला क्लासबद्दल वाकडं बोलायचं नव्हतं. शमिकाला कुणी नीट समजावलं की समजतं. राहीला मात्र वस्तू स्वतः उघडून, बिघडवून, परत जोडल्याशिवाय काही कळत नाही. लहानपणी घरातला मिक्सर ह्याच वाटेने गेला. त्या सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरचे धडे तिच्या स्वभावाला मानवले, कारण प्रत्येक धड्याच्या शेवटी काहीतरी करून बघा असं सांगितलेलं असे. गुणवंती लेकीच्या बाजूने होती. एका रात्रीच्या जेवणात तिने पालखीपुढे ढोल वाजवणाऱ्या नवऱ्याला विचारलं,

"तुमी ढोल शिकायला कुठच्या किलासला गेलेलात?"

"ढोलात नापास करत न्हाईत," बाबल्या म्हणाला.

शेवटी तह झाला. शिमग्यात एकदा बसायचं. पास झाली तर झाली, नाहीतर एप्रिलपासून गुमान क्लास. बाबल्याने तिथे जागाही राखून ठेवली होती. राहीने मान हलवली खरी, पण पुन्हा नापास झालो तर आपल्याला आपल्या पद्धतीने काहीच शिकता येत नाही असं सिद्ध होईल, ही धास्ती तिच्या मनात बसली होती.

धड्यांमध्ये सरावासाठी सायकली विकणारी एक काल्पनिक कंपनी होती. तिच्यात राहीचं मन रमेना. मग तिने सायकली काढून टाकल्या आणि त्या जागी गावची पालखी घातली. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी मानाप्रमाणे घरोघर फिरते, आणि मुंबईचे चाकरमानी आठवडाभर एकच विचारत असतात, आमच्याकडे कधी येते? राहीने एकेक घर नोंदवलं, कुठे किती वेळ लागतो ते आईला आणि काशीकाकीला विचारून घेतलं, आणि पालखी एका घरून निघाली की पुढच्या सगळ्यांच्या वेळा आपोआप बदलतील अशी सोय केली. 'निघाली' एवढं बटण दाबायचं काम पालखीबरोबर चालणाऱ्या संदेशदादाला दिलं. बाबल्याने ते पाहून, देवाला टायमिंग लावणारी तू कोण, असं विचारलं होतं. पण फोनवर ते उघडून ठेवायला तो विसरला नव्हता.

परीक्षेचा दिवस तिने ह्याच हिशेबाने निवडला. सकाळी पालखी खालच्या वाडीत, सगळं गाव तिच्यामागे, म्हणजे वर्षातली सर्वांत शांत सकाळ. त्यांच्या दारी पालखी यायची दुपार कलल्यावर. तोवर राही मोकळी झालेली असणार.

निम्म्याहून जास्त प्रश्न झाले होते. जमतही होते. एका प्रश्नात तर एका नोंदीने बाकीच्या नोंदी कशा बदलायच्या हेच विचारलं होतं, आणि राहीच्या डोळ्यांपुढे खालच्या वाडीतली घरं ओळीने उभी राहिली. ती स्वतःशीच हसली. तेवढ्यात ढोल ऐकू आला.

लांब असेल, वाऱ्यावर आला असेल. मग तो पऱ्ह्यापलीकडून, ओढ्याच्या त्या काठावरून आला. मग वळणावरच्या आंब्याखालून. पालखी इतक्या लवकर कशी आली? आणि मग तिला कळलं, अगदी लख्ख कळलं. दरवर्षी पालखी दारात उभी राहते तेव्हा कुठे घरातली बाई न्हायला गेलेली असते, नारळ सापडत नसतो, दिवा लावायला वात नसते. तो सगळा उशीर राहीने हिशेबात धरला होता. पण ह्या वर्षी गावाला वेळ आधीच कळत होती. प्रत्येक दारी ताट तयार, ओटीचं सामान तयार, माणसं अंगणात हजर. पालखी कधी नव्हे ती पुढे पळत होती, आणि गावातल्या प्रत्येक फोनवर वेळ अलीकडे सरकत होती. जिने ती सरकायला शिकवली ती तेवढी फोनशिवाय कोंडून बसली होती.

पडद्यावर मजकूर आला. मागे आवाज येतो आहे. राहीने उत्तर दिलं, मिरवणूक आहे, जाईल. हे लिहिताना तिला रडू येत होतं. पालखी जाईल कशी? ती दारातच यायची होती. आणि ढोलाशिवाय पालखी गावात कुणी पाहिली नव्हती.

घराकडे येणाऱ्या पाणंदीच्या तोंडाशी ढोल आला आणि थांबला.

ती वाट पाहत राहिली. काहीच नाही. आपलं घर वगळून पालखी पुढे गेली की काय? दारावरून पालखी न थांबता गेली तर आई वर्षभर सावरणार नाही. राहीने डोळे पुसले, पुढचा प्रश्न वाचला, परत वाचला, तिसऱ्यांदा कळला. मध्येच एकदा बाहेरून कसलीशी कुजबुज आली, खूप माणसं एकदमच श्वास सोडतात तशी. पडद्यावर मात्र नवा मजकूर आला नाही. तिने शेवटचं उत्तर दिलं, मन घट्ट केलं आणि बटण दाबलं. निकाल लगेच आला. तो तिने पूर्ण वाचला, मग पहिल्या शब्दापासून पुन्हा वाचला, आणि उठून दार उघडलं.

अंगण माणसांनी भरलं होतं. मधोमध पाटावर पालखी, पुढे दिवा, फुटलेला नारळ. म्हातारी माणसं ओटीच्या कडेच्या पेळ्यावर, पोरं आयांच्या मांडीवर, ताशेवाले ताशे पोटाशी धरून. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. काशीकाकीने तर स्वतःच्या तोंडावर पदर दाबून ठेवला होता, कारण तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता.

काय घडलं ते गुणवंतीने तिच्या कानात सांगितलं. फोनवर वेळ सरकताना बघून ती पालखीला आडवी जायला पाणंदीपर्यंत धावली होती. पण बाबल्याने त्याआधीच गळ्यातला ढोल उतरवला होता. बिनढोलाची पालखी दारात कशी न्यायची म्हणून मानकरी अडले, तेव्हा देवाला घाई नाही, घाई आपल्याला असते, असं तो म्हणाला. मग पालखी अनवाणी पावलांनी आली. देवापुढचं गाऱ्हाणंसुद्धा मानकऱ्यांनी हळू आवाजात घातलं, आणि सगळ्यांनी 'होय महाराजा' म्हटलं तेही कुजबुजत. गाऱ्हाण्यात राहीचं नाव होतं.

राहीला हुंदका आणि हसू एकदमच आलं. तिला वाटलं आता सगळे विचारतील. पण बाबल्या उभा राहिला आणि त्याने ढोलाचा पट्टा गळ्यात घातला.

"वाजवू काय गो आता?"

"वाजवा, आबा."

पहिल्याच ठोक्याला अंगण उठलं. टोपलीखालचा कोंबडा आरवला. पालखी खांद्यांवर चढली आणि डोलायला लागली, काशीकाकीने पदर सोडून साठवलेलं सगळं बोलून घेतलं. राही गर्दीतून वाट काढत बापाजवळ गेली आणि ओरडून काहीतरी म्हणाली. बाबल्याला ऐकू गेलं नाही. तो नुसता हसला आणि वाजवत राहिला. मग तिने टाचा उंचावल्या आणि तोंड अगदी त्याच्या कानाशी नेलं.

"त्या क्लासवाल्यांना सांगा, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या."

बाबल्याचा ठोका चुकला. मानकऱ्यांनी वळून पाहिलं, ताशेवाल्यांनी पाहिलं. इतक्या शिमग्यांत असं कधी झालं नव्हतं.